पाटी लिहायची? मग रस्ता बघितलासा काय?

तुम्ही कोल्हापुरात पापाच्या तिकटीला उभे आहात आणि तुमच्या दुकानाला पाटी नाही. साल १९७४. ऑक्टोबर नुकताच लागलाय. यंदा भाद्रपद अधिक आल्यामुळे सगळे सण पुढं सरकलेत. पितृपंधरवडा आत्ता चालू आहे आणि दसरा पार महिन्याच्या अखेरीला गेलाय. दुकान दसऱ्याला उघडायचं आहे. आत फळ्या ठोकून झाल्यात, कापशी चपलांचे जोड दोरीला ओवून टांगलेत, नव्या चामड्याचा वास रस्त्यापर्यंत येतोय. दारावर मात्र कोरी भिंत. आजूबाजूला चप्पललाईनीतली सगळी दुकानं आपापली नावं मिरवत उभी आहेत आणि तुमच्यासमोरून माणसं बघता बघता पुढं निघून जातायत.

तुम्ही आलात ते आजच्या काळातून. तिथं हे काम एका दुपारचं होतं. फ्लेक्सवाल्याकडं जायचं, संगणकासमोर स्टुलावर बसायचं, “हे जरा मोठं करा, ते जरा लाल करा” म्हणायचं आणि संध्याकाळी गुंडाळी काखेत मारून यायचं. इथं तसला संगणक नाही. इथं पेंटर आहे. त्याला गाठायला शिवाजी पेठेतल्या एका बोळात जावं लागतं.

बोळाच्या तोंडालाच टर्पेंटाईनचा वास येतो. दार कुठलं, भिंत कुठली ते चटकन कळत नाही, कारण दोन्हीला पत्रे टेकवून ठेवलेत. एकावर अर्धवट लिहिलेलं पीठगिरणीचं नाव. एकावर दूध संस्थेचं. खिडकीत थिएटरात मध्यंतराला दाखवायच्या काचेच्या स्लाईडी वाळतायत. पन्नाशीचा माणूस उकिडवा बसून मोटारीची नंबरप्लेट लिहितोय. अंगात बनियन, पायजम्यावर कित्येक वर्षांचे रंग. सगळे त्याला नुसतं पेंटर म्हणतात. तुम्हीही तेच म्हणा. या गावात ही पदवी आहे. बाबुराव कृष्णराव मेस्त्री इथलेच. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता त्यांचं आडनावच पेंटर झालं. चुलतभाऊ आनंदरावांबरोबर सिनेमाचा कॅमेरा बनवायला घेतला, आनंदराव मध्येच गेले, तरी बाबुरावांनी तो पुरा केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी पुढं प्रभात काढली. तेव्हा कोल्हापुरात ब्रश धरणारा माणूस कुणाला कमी वाटत नाही, आणि स्वतःलाही तो कमी समजत नाही.

“बसा की,” पेंटर मान वर न करता म्हणतात. नंबर पुरा होईपर्यंत तुमच्याकडं बघत नाहीत. मग विचारतात, “नाव?”

“पायताण.”

“पुढं?”

“पुढं काही नाही.”

“मार्ट न्हाई? भांडार न्हाई? आणि मंडळी न्हाई?”

तुम्ही मान हलवता. ते हातातला ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवतात. रॉकेल जपून वापरतात, कारण ते रेशनवर आहे. गेल्या वर्षी अरबांनी तेल अडवल्यापासून कच्च्या तेलाचा भाव चौपटीच्या आसपास गेलाय आणि त्याची झळ या बोळापर्यंत पोचलीय. टर्पेंटाईन महाग, रंग महाग, पत्रा महाग.

तुम्ही मनात रंगवलेलं चित्र सांगायला लागता. मधोमध मोठी कोल्हापुरी चप्पल. मागं सूर्याची किरणं. अक्षरं प्रत्येक वेगळ्या रंगात, त्यांना उठाव, उठावाला सावली. डाव्या कोपऱ्यात अंबाबाई, उजव्यात शाहू महाराज. खाली सगळ्या मालाची यादी. पेंटर शांतपणे ऐकून घेतात. मग एकच प्रश्न टाकतात.

“रस्ता बघितलासा काय?”

“दुकान तिथंच आहे ना, तिकटीला.”

“दुकान न्हवं वो. रस्ता.”

आणि ते उठतात, खुंटीवरचा शर्ट अंगात चढवतात, पोऱ्याला रद्दीचा गठ्ठा आणि कोळसा घ्यायला सांगतात. तुम्ही मागोमाग निघा. आता जे होणार आहे ते नीट बघून ठेवा. सगळा प्रवास याच्यासाठी केलाय.

तिकटी म्हणजे तीन वाटा. पेंटर एकेका वाटेनं पन्नासएक पावलं लांब जातात, वळतात आणि गिऱ्हाईक होऊन चालत येतात. एका वाटेनं येणाऱ्याला तुमचं दुकान समोरासमोर दिसतं. उरलेल्या दोन वाटांनी येणाऱ्याला ते तिरकं दिसतं, इतकं तिरकं की भिंतीवरची आठ फुटांची पाटी डोळ्याला तीन फुटांची वाटावी. “माणूस कुठनं जास्त येतोय?” ते विचारतात. तुम्ही सांगू शकत नाही. मग दोघंही पानपट्टीच्या कडेला उभे राहून माणसं मोजता. देवळाकडून येणारी गर्दी मोठी आहे आणि ती तिरक्या वाटेनं येते. तेव्हाच ठरतं, अक्षरं नेहमीपेक्षा रुंद हवीत आणि त्यांच्यामधली जागा सैल. तिरकं बघणाऱ्याच्या डोळ्यात ती आवळून नेमकी होतील. शिवाय भिंतीतून काटकोनात बाहेर येणारी एक छोटी पाटी, दोन्ही अंगांनी लिहिलेली, त्या वाटेसाठी वेगळी.

मग वर बघायचं. शेजाऱ्याची ताडपत्री पावसाळ्यापासून तशीच पुढं आलेली आहे. वरच्या मजल्याच्या गॅलरीला धुणं वाळतंय. ताडपत्रीच्या वर आणि धुण्याच्या खाली जी पट्टी मोकळी राहते तीच तुमची. पोऱ्या शिडीवर चढून टेपनं मापं घेतो. उंची जेमतेम दोन फूट.

“कागद धर,” पेंटर त्याला सांगतात. रद्दीच्या पानावर कोळशानं एक ‘प’ काढलेला आहे, नऊ इंच उंच. पोरगा तो भिंतीला लावून धरतो. पेंटर उलट्या पावलांनी मागं सरकतात, एका टांगेवाल्याच्या शिव्या खातात, तरी सरकत राहतात. मग हात वर करतात. पुढचं पान. बारा इंचांचा ‘प’. मग त्याच उंचीचा, पण जाड दांड्याचा. मग परत सडपातळ. रस्त्यातल्या दोन बायका थांबून विचारतात, पेंटर, काय चाललंय? “वाचता येतंय का सांगा,” ते म्हणतात. त्यांची साक्ष ते गांभीर्यानं घेतात. एकीला लांबचं कमी दिसतं, तर तिचं मत जास्त धरतात.

पाटीचा आकार, अक्षराची उंची आणि दांड्याची जाडी अशी रस्त्यावर ठरली. रंगाचा डबा अजून उघडलेला नाही. माझ्या मते पाटीचं निम्मं काम इथं झालं, आणि आपण आज नेमकं हेच निम्मं गाळून टाकलंय.

परत बोळात. जमिनीवर तपकिरी कागद अंथरलेला आहे. पेंटर गुडघे टेकून तुमचं नाव कोळशानं लिहितात आणि लगेच तोंड वाकडं करतात. “नाव अवघड आणलंयसा.” तुम्हाला कळत नाही. चार तर अक्षरं आहेत. वर मात्रा नाही, खाली उकार नाही, जोडाक्षर नाही. पण बघा : ‘प’ला उजवीकडं दांडा, त्याला काना. ‘य’ला नुसता दांडा. ‘त’ला दांडा, त्याला काना. शेवटी ‘ण’, त्याचे दोन दांडे. सात उभ्या रेघा ओळीत. लांबून हे नाव खिडकीच्या गजांसारखं दिसणार.

इथून पुढं तासभर जे चालतं ते कुठल्याही शाळेत मिळणार नाही. पेंटर पट्टी बाजूला ठेवतात. मापानं सारखं अंतर ठेवलं की डोळ्याला ते सारखं दिसत नाही, कारण ‘प’चं पोट मोकळं आहे, ‘त’ची डावी बाजू खालून उघडी आहे आणि काना म्हणजे नुसती सरळ रेघ. “काना आपल्या अक्षराचा. त्येला फुडच्या अक्षराकडं जाऊ द्यायचा न्हाई.” म्हणून ते प्रत्येक काना त्याच्या अक्षराला किंचित जवळ ओढतात आणि त्याच्यापुढं श्वासाइतकी जादा जागा सोडतात. चारदा पुसतात. पाचव्यांदा गज नाहीसे होतात आणि चार अक्षरं दिसायला लागतात.

आता तुमच्या सावलीचं काय? उठावाची अक्षरं तुम्हाला फार आवडतात, पीठगिरणीच्या पाटीवर ती किती छान आलीत. पेंटर कागदावर एका कान्याला सावली देऊन दाखवतात. शेजारची फट भरून गेली. जी जागा तासभर खपून मोकळी केली तीच काळी झाली. सावली रद्द. सूर्यकिरणं तर केव्हाच गेली. मोठी चप्पलही जाते, कारण : “चप्पल दुकानात टांगल्यात की. पाटीवर आणि कशाला?” अंबाबाई आणि शाहू महाराजांबद्दल ते हळू आवाजात बोलतात. पायताणाच्या पाटीवर त्यांना कसं बसवायचं? तुम्हालाही ते पटतं.

एवढं सगळं गेल्यावर तुम्ही थोडे हिरमुसता. मग हे दुकान वेगळं कशावरून कळणार? पेंटर तुमच्या पिशवीतली नमुन्याची चप्पल मागून घेतात. उलटीपालटी करतात. पट्ट्यावरची चामड्याची वेणी बोटानं चाचपतात, टोकाचा तांबडा गोंडा चिमटीत धरतात. मग काही न बोलता कागदावर नावाची शिरोरेषा पुसून टाकतात आणि तिच्या जागी तीन पदरी वेणी काढतात. चारही अक्षरं त्या वेणीला लोंबतायत. ‘ण’च्या पुढं वेणी वीतभर जादा जाते आणि तिच्या टोकाला गोंडा.

आणि पुन्हा तुम्हाला लांब उभं करतात, बोळाच्या पार टोकाला. तिथून वेणी दिसत नाही. सरळ, जाड, स्वच्छ शिरोरेषा दिसते आणि नाव एका नजरेत वाचता येतं. दहा पावलं जवळ आलात की रेघ हलल्यासारखी होते. आणखी जवळ आलात की चामडं दिसतं, पदर दिसतात. जो फक्त जाणार आहे त्याच्यासाठी नाव, जो थांबणार आहे त्याच्यासाठी वेणी. मी आजवर पाट्यांच्या मांडणीबद्दल जे काही ऐकलं, वाचलं, त्यात याच्यापेक्षा शहाणी गोष्ट मला सापडलेली नाही. कल्पकता म्हणजे चित्रं वाढवणं, ही आपली समजूत इथं निकालात निघते. अक्षराला जो अवयव निसर्गतःच आहे, तोच त्यानं कामाला लावला. रोमन लिपीत हे सुचलंच नसतं, कारण तिथं शिरोरेषा नाही.

असा विचार करणारा तो एकटा नाही. मुंबईत याच काळात कमल शेडगे वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी नावं अशीच लिहितायत, नावाच्या अक्षरांतून नाटकाचा स्वभाव दिसावा म्हणून. पेंटरांच्या वहीत तशा जाहिरातींची कात्रणं चिकटवलेली आहेत. आणि गावातच जी. कांबळे आहेत, सिनेमाच्या प्रचंड बॅनरवर चेहरे उतरवणारे, ज्यांनी काढलेलं शिवछत्रपतींचं चित्र पुढं घराघरांत, कचेऱ्यांत लागलं. त्यांचं नाव घेताना पेंटर ब्रश खाली ठेवतात.

दुसरी ओळ लहान : पापाची तिकटी, कोल्हापूर. इथं उलटीच अडचण. पहिल्या ओळीत सगळं सपाट होतं, इथं ‘को’ची मात्रा वर जाते, ‘पू’चा उकार खाली येतो, मध्ये ‘ल्ह’ जोडून बसलेला. देवनागरीला तीन मजले लागतात. सहा इंचांच्या पट्टीत वरचा आणि खालचा मजला वजा केला की मधलं अक्षर जेमतेम साडेतीन इंच उरतं. शेजारच्या दुकानानं त्याच सहा इंचांत इंग्रजी कॅपिटल अक्षरं लिहिलीत, ती पूर्ण सहा इंच उंच आहेत. म्हणून एकाच पट्टीत इंग्रजी मोठी आणि मराठी अंग चोरून बसलेली दिसते. दोष लिपीचा नाही, माप घेण्याचा आहे. पेंटर पट्टी नऊ इंचांची करतात, मात्रा किंचित आडवी झोपवतात, उकार ‘प’च्या पोटाखाली सरकवतात. हे लक्षात ठेवा. पन्नास वर्षांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या भांडणात याची गरज लागणार आहे.

रंग कुठला? तुम्ही लाल म्हणता. पेंटर तुम्हाला परत तिकटीला नेत नाहीत, रस्त्यावर करून घेतलेली टाचणं वाचून दाखवतात : डावीकडं दोन पाट्या पिवळ्या, उजवीकडं निळी, समोर तांबडी. सगळे ओरडतायत, तिथं शांत पाटी उठून दिसेल. पार्श्वभूमी हस्तिदंती. अक्षरं गडद तपकिरी, काळ्यात रेड ऑक्साईड मिसळून. त्याला कारण आहे. दुकान पश्चिमेला तोंड करून आहे, दुपारनंतर ऊन थेट पाटीवर येणार. चकचकीत लाल उन्हात आधी उडतो. काळा म्हणजे काजळी आणि रेड ऑक्साईड म्हणजे गंजाचाच भाऊ, या दोघांचं ऊन काही वाकडं करत नाही. लाल फक्त गोंड्यापुरता. “त्यो दर दिवाळीला भरून दीन.” सगळ्यात आधी मरणारा रंग त्यांनी सगळ्यात छोट्या आणि सहज भरता येणाऱ्या जागी ठेवलाय. पाटी रंगवतानाच तिच्या दुरुस्तीचा विचार.

पितरपाटात अक्षर लिहायचं नाही, असा त्यांचा नेम. पत्रा मात्र तयार होऊ शकतो. सुतार सागवानी चौकट देतो. पत्रा पॉलिश पेपरनं घासतात, रेड ऑक्साईडचा एक हात देतात, खड्ड्यांत लांबी भरतात, परत घासतात. मग हस्तिदंतीचे दोन हात, मध्ये दिवसाची उसंत. ऑक्टोबरचं ऊन कोरडं आणि कडक, रंग छान ओढून घेतो. याच कामाला आषाढात हात घातला असता तर कोल्हापूरच्या पावसानं आठवडा खाल्ला असता.

घटस्थापनेला सकाळी तुम्ही बोळात हजर. देवीकडं नारळ चढवून पेंटर अंघोळीच्या ओल्या केसांनीच बसलेत. वरती मध्ये छोटं ‘॥ श्री ॥’, ते पहिलं. मग पोऱ्या आणि ते दोघं खडूत घोळलेला दोरा पत्र्यावर ताणून धरतात, मध्ये उचलून सोडतात, टप्प. एक पांढरी सरळ रेघ उमटते. वरची रेघ, खालची रेघ. कागदावरचं काम खडूनं हलकं उतरवतात आणि डबा उघडतात.

काठीच्या टोकाला चिंध्यांचा बोंडा बांधलाय. तो पत्र्यावर टेकवून काठीवर मनगट ठेवायचं, म्हणजे हात थरथरत नाही आणि ओला रंगही पुसला जात नाही. ब्रश चपटा, टोक तिरकं कापलेलं. हा तिरकेपणा बोरूचा आहे. लहानपणी शाळेत बोरूनं पुस्ती गिरवलेल्या हाताला कुठं जाड जायचं आणि कुठं बारीक, हे शिकवावं लागत नाही. दांडा वरून खाली एका श्वासात. ‘प’चं पोट दोन फटकाऱ्यांत. अर्ध्यात ब्रश उचलायचा नाही, उचलला की सांधा दिसतो. तुम्ही बघता बघता ‘ता’चा काना पुरा होतो आणि तुमच्या लक्षात येतं, की तुम्हीही श्वास धरून बसला होता.

वेणीचे पिवळसर पदर भरताना ते बारीक ब्रशचं टोक ओठांत धरून अणकुचीदार करतात. पुन्हा बुडवतात, पुन्हा ओठांत. तुम्ही दचकता. या काळातल्या पिवळ्या इनॅमलमध्ये शिसं असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. भारतात घरगुती रंगांतलं शिसं दहा लाख भागांत नव्वद भागांवर आणणारा नियम २०१६ साली आला, तो त्यांना उपयोगी पडणार नाही. तुम्ही म्हणता, “पेंटर, ओठांनी नका ना करू.” ते हसतात. त्यांच्या गुरूनं असंच केलं, गुरूच्या गुरूनंही. तुम्ही पोऱ्याकडं वळून त्याला खिशातला रुमाल देता आणि टोक त्यात पुसायला सांगता. पोरगा तुमच्याकडं आणि गुरूकडं आळीपाळीनं बघतो, आणि रुमाल घेतो.

दसऱ्याला पाटी चढली. खाली उजव्या कोपऱ्यात बोटभर अक्षरांत पेंटरांनी आपली सही केली, तीही वाचता येईल अशी. पाटीला हार घातला, आपट्याची पानं वाटली, दुकान चालू झालं.

आता पुढं चला, जरा वेगानं. गोंडा दर दिवाळीला भरला जातोय. तिकटीवर स्कूटरी वाढल्या, टांगे कमी झाले. संगणक आला, श्रीलिपीची अक्षरं आली, पत्रिका आणि हँडबिलं त्यांत छापली जाऊ लागली. दोन हजार सालाच्या आगेमागे फ्लेक्स आला आणि काही वर्षांत रस्त्याचा चेहरा बदलला. पॉलिस्टरच्या कापडावर पीव्हीसीचा थर, त्यावर शाईचे फवारे. स्वस्त, झटपट, हवा तेवढा मोठा. दुकानदारांनी तो घेतला यात त्यांची चूक मी मानत नाही. धंदा करणाऱ्याला वेळ आणि पैसा बघावाच लागतो. पण फ्लेक्सवाला रस्ता बघायला आला नाही. पडद्यावर हातभर अंतरावरून जे चांगलं दिसलं ते त्यानं पन्नास पावलांवरच्या माणसासाठी छापलं. ओढून रुंद केलेली अक्षरं, ज्यांत उभे दांडे जाड झाले आणि आडव्या रेघा तशाच राहिल्या. मागं ढग, धबधबे, गुलाब. मालकाचा फोटो नावापेक्षा मोठा. आणि ऊन-पावसात दोन-तीन वर्षांत त्याचा लाल उडाला, निळसर भूत उरलं, आणि ते कापड कुजतही नाही.

ज्याच्या हातात सात उभ्या रेघांची चार अक्षरं होती, त्याला काम उरलं नाही. कुणी शाळेच्या भिंतींवर सुविचार लिहितो, कुणी ट्रकच्या मागचं, कुणी स्वतःच फ्लेक्सचं दुकान टाकलं. दिल्लीत हनीफ कुरेशी या कलाकारानं अशा रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं संगणकावर जतन करायचं काम हाती घेतलं आणि ती ज्याच्या हातची त्या पेंटरच्या नावानं मांडली. असं काम मराठी अक्षरांसाठी, गावोगावी व्हायला हवं होतं आणि अजूनही होऊ शकतं.

थांबा, २०२३. मराठी पाटीची सक्ती तशी जुनी, पण २०२२ साली राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानंही तिच्या कक्षेत आली. मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत, हेही त्यात आहे. व्यापारी न्यायालयात गेले. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दुकानदारांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. मग काय झालं ते तुम्ही स्वतः पाहिलंय. राज्यभर घाईघाईनं मराठी नावं चढली, पुष्कळ ठिकाणी जुन्या पाटीवर एक पट्टी डकवून. पट्टीची उंची इंग्रजीइतकी, म्हणजे कायदा पाळला. पण त्या पट्टीत मात्रा आणि उकार धरून मधलं अक्षर निम्मंच. शिवाजी पेठेतल्या पेंटरांनी सहाची पट्टी नऊची केली होती, ती याचसाठी. उंची मोजायची तर मात्रा-उकार सोडून, शिरोरेषेपासून दांड्याच्या पायापर्यंत मोजावी. अक्षर मोठं असण्याचा खरा अर्थ तोच आहे.

कायद्यानं मराठी पाटी लावता येते, चांगली पाटी लावता येत नाही. ती दुकानदारानंच मागायला हवी, आणि आज ती मागणं पूर्वीपेक्षा सोपं आहे. मुंबईच्या एक टाइपनं केलेले मुक्ता आणि बालू हे देवनागरी टंक कुणालाही फुकट वापरता येतात, आणि ते ज्यांनी केले त्यांना काना कुणाचा असतो हे नीट कळतं. धातूची कापलेली अक्षरं, लाकडात कोरलेली, मागून दिवा लावलेली, सगळं मिळतं. कुठलंही घ्या. फक्त क्रम पेंटरांचा ठेवा. आधी रस्ता, मग अक्षर, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी सजावट, तीही अक्षराच्या अंगात जिरेल तेवढीच.

आणि तुमच्या गावात हातानं लिहिणारा पेंटर अजून असेल, तर पुढची पाटी त्याच्याकडून करून घ्या. शोधलात तर सापडेल. एखाद्या भिंतीवरच्या घोषणेखाली कोपऱ्यात त्याची सही आणि फोन नंबर असतो. त्याला चार दिवस द्या, पैसे फ्लेक्सच्या भावानं ठरवू नका, आणि दुकानासमोर उभं करून पहिल्यांदा रस्ता बघू द्या. कोपऱ्यात त्याला सहीही करू द्या.